विश्लेषण : फुकट ‘क्लाउड’ की घरचा सर्व्हर? सेल्फ-होस्टिंगचा खर्च किती, जबाबदारी कोणाची?

मोबाइलमधले फोटो, मुलांचे दाखले, आई-वडिलांचे वैद्यकीय अहवाल, सातबारा, विम्याची कागदपत्रे… बहुतेक घरांचा हा ऐवज आज एखाद्या बड्या कंपनीच्या क्लाउडवर आहे. त्याऐवजी घरातल्याच एका छोट्या संगणकावर या सेवा स्वतः चालवण्याच्या पद्धतीला ‘सेल्फ-होस्टिंग’ म्हणतात. एकेकाळी संगणक अभियंत्यांचा छंद असलेली ही पद्धत आता सोपी झाली आहे आणि तिच्याकडे वळणारेही वाढत आहेत. पण ती खरोखर स्वस्त आहे का, सुरक्षित आहे का आणि कोणी तिच्या वाटेला जाऊ नये, याचा आढावा.

हा प्रश्न आताच का?

रिलायन्स जिओ आणि गूगल यांनी ३० ऑक्टोबर २०२५ रोजी एक घोषणा केली. जिओच्या अमर्याद फाइव्ह-जी ग्राहकांना ‘गूगल एआय प्रो’ ही सशुल्क सेवा १८ महिने मोफत मिळणार, असे तीत म्हटले होते. सुरुवात १८ ते २५ वयोगटापासून झाली. या सेवेचे मूल्य ३५,१०० रुपये असल्याचे सांगण्यात आले. चर्चा झाली ती त्यातल्या ‘जेमिनी’ या कृत्रिम बुद्धिमत्तेची. मात्र घोषणेच्या वेळी याच योजनेत २ टीबी साठवणही होती. एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर तेवढ्या जागेत सुमारे पाच लाख फोटो मावतात. गूगल खात्यासोबत एरवी मिळणारी मोफत जागा आहे १५ जीबी आणि तीही जीमेल, ड्राइव्ह व फोटो मिळून.

अडचण आहे ती अठरा महिन्यांनंतरची. तोवर लग्ने, बारशी, सहली, शाळेची स्नेहसंमेलने यांचे फोटो आणि व्हिडीओ तिथे साचलेले असतील. मुदत संपली की दोनच वाटा उरतात. एक तर महिन्याला पैसे भरायचे, नाही तर सगळे उचलून दुसरीकडे न्यायचे. मर्यादा ओलांडलेल्या खात्यात नवे फोटो चढत नाहीत, जीमेलवरून मेल जाणे-येणे थांबते आणि ही स्थिती दोन वर्षे राहिली तर साठवलेला मजकूर काढून टाकण्याचा अधिकार कंपनीच्या नियमांत आहे.

असा अनुभव पहिला नाही. ‘गूगल फोटोज’ २०१५ मध्ये आले तेव्हा किंचित दर्जा कमी केलेले फोटो अमर्याद आणि मोफत ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. तोपर्यंत कोट्यवधी लोकांना तिची सवय लागली होती.

सेल्फ-होस्टिंग म्हणजे नेमके काय?

क्लाउड म्हणजे शेवटी कोणाचा तरी संगणकच. फोटो ‘वर’ जातो म्हणजे तो कुठल्या तरी विदा केंद्रातल्या डिस्कवर लिहिला जातो. सेल्फ-होस्टिंगमध्ये ती डिस्क तुमच्या घरात असते आणि मोबाइलमधले अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरऐवजी तिच्याशी बोलते.

सर्व्हर म्हटले की थंड खोलीतली उंच कपाटे डोळ्यांसमोर येतात. घरासाठी मात्र वायफाय राउटरशेजारी ठेवलेला जुना लॅपटॉप किंवा जेवणाच्या डब्याएवढा मिनी पीसी पुरतो. त्यावर बहुधा लिनक्स ही मोफत प्रणाली आणि ‘डॉकर’ हे साधन असते. डॉकरमुळे प्रत्येक सेवा आपापल्या बंद डब्यात राहते. एकीत बिघाड झाला तर ती काढून पुन्हा बसवता येते आणि शेजारच्या सेवेला धक्का लागत नाही. २०१३ मध्ये आलेल्या या साधनाने घरगुती सर्व्हर उभारणे बरेच सुलभ केले.

या डब्यांमध्ये काय काय असू शकते? फोटोंसाठी ‘इमिच’, फायली आणि कॅलेंडरसाठी ‘नेक्स्टक्लाउड’, स्वतःच्या मालकीच्या चित्रपट-संगीतासाठी ‘जेलीफिन’, पासवर्ड जपण्यासाठी ‘व्हॉल्टवॉर्डन’, घरातल्या सगळ्या उपकरणांवरच्या जाहिराती अडवण्यासाठी ‘पाय-होल’, दिवे-पंखे-कॅमेरे यांच्यासाठी ‘होम असिस्टंट’. कागदपत्रांसाठी ‘पेपरलेस-एनजीएक्स’ आहे. स्कॅन केलेला कागद वाचून त्यातले शब्द ते शोधण्याजोगे करते. त्यासाठी ते वापरत असलेल्या ‘टेसरॅक्ट’मध्ये मराठीचीही सोय आहे. जुनी, पुसट झेरॉक्स असेल तर चुका होतात, पण स्वच्छ छापील मराठी कागद बऱ्यापैकी वाचला जातो.

इमिचची वाटचाल या क्षेत्राचा वेग दाखवते. नवजात बाळाचे फोटो कोणा कंपनीला पैसे न देता घरीच ठेवता यावेत म्हणून अलेक्स ट्रॅन या अभियंत्याने २०२२ मध्ये त्याची सुरुवात केली. चेहरे ओळखणे, नकाशावर फोटो दाखवणे, वर्णनावरून फोटो शोधणे ही सारी कामे ते घरच्याच यंत्रावर करते. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला त्याची ‘स्थिर’ म्हणून घोषित झालेली दुसरी आवृत्ती आली. त्याआधीची वर्षे मात्र प्रत्येक अद्ययावतीकरणाआधी सूचना नीट वाचाव्या लागत.

फुकट जागा असताना हा खटाटोप कशासाठी?

पहिले कारण म्हणजे नियम बदलण्याचा एकतर्फी अधिकार. गूगलने ‘रीडर’ ही लोकप्रिय सेवा जुलै २०१३ मध्ये बंद केली. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसण्याचे धोरण तिने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. कुटुंबातील एखादी व्यक्ती निवर्तली आणि तिचा पासवर्ड कोणाकडेच नसला, तर तिचे फोटो दोन वर्षांत नाहीसे होऊ शकतात.

दुसरे कारण खाते अचानक बंद होण्याचे. सॅन फ्रान्सिस्कोतील एका वडिलांचे प्रकरण ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध केले होते. डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्यांनी आजारी मुलाचे फोटो काढले. गूगलच्या स्वयंचलित तपासणीने ते बालशोषणाचे ठरवले आणि त्यांचे खाते बंद झाले. पोलिसांनी तपासाअंती त्यांना निर्दोष ठरवले, तरीही मेल, संपर्क आणि फोटो असलेले ते खाते परत मिळाले नाही. अशा तपासणीची गरज नाकारता येत नाही, कारण बालशोषणाचा प्रश्न गंभीर आहे. पण एकाच खात्यात सारे आयुष्य ठेवले तर एका चुकीच्या निष्कर्षाची किंमत किती मोठी असते, हे या प्रकरणाने दाखवले.

तिसरे कारण बिघाडाचे. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील एका क्लाउड विभागात बिघाड झाला आणि जगभरातल्या अनेक सेवा काही तास ठप्प झाल्या. १८ नोव्हेंबरला ‘क्लाउडफ्लेअर’मध्ये तसेच घडले. अर्थात, घरचा सर्व्हरही बंद पडतोच, किंबहुना जास्त वेळा पडतो. पण दरवाज्याचे कुलूप किंवा दिव्याचे बटण हजारो किलोमीटरवरच्या यंत्राच्या होकारावर अवलंबून राहत नाही.

नायरा प्रकरणाने काय दाखवले?

हा प्रश्न केवळ कुटुंबांपुरता नाही, हे भारताने जुलै २०२५ मध्ये पाहिले. रशियाच्या ‘रोसनेफ्ट’चा ४९.१३ टक्के हिस्सा असलेल्या ‘नायरा एनर्जी’वर युरोपीय महासंघाने १८ जुलैला निर्बंध लादले. गुजरातमधील वाडीनारला या कंपनीचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे. निर्बंधांनंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले परवाने असूनही आपल्याच डेटापर्यंत पोहोचता येत नसल्याचे सांगत नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली. भारतीय कायद्याने कोणतीही बंदी नसलेल्या भारतातील कंपनीचे मेल दुसऱ्या खंडातल्या निर्णयाने बंद पडू शकतात, हा यातला धडा होता.

युरोपालाही हीच चिंता आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने ऑक्टोबर २०२५ पर्यंत सुमारे ४० हजार सरकारी मेलपेट्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवरून मुक्तस्रोत प्रणालीवर नेल्या. फायलींच्या देवाणघेवाणीसाठीही तेथे नेक्स्टक्लाउड निवडण्यात आले. घराच्या कोपऱ्यातल्या जुन्या लॅपटॉपवर चालणारे तेच सॉफ्टवेअर एक सरकारही वापरते.

भारतात केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल ‘झोहो’ या तमिळनाडूतील कंपनीच्या मंचावर गेले. यात एक फरक लक्षात घ्यायला हवा. स्वदेशी सेवा घेतल्याने परदेशी निर्बंधांची जोखीम कमी होते, पण सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने डेटा दुसऱ्याच्याच यंत्रावर राहतो. दर, नियम आणि खाते बंद करण्याचा अधिकार कंपनीकडेच असतो.

यंत्र कोणते लागते, खर्च किती येतो?

नवीन काही विकत न घेता सुरुवात करता येते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबवली. अनेक चांगले चालणारे संगणक ‘विंडोज ११’ला अपात्र आहेत. त्यांच्यावर लिनक्स टाकून ते आणखी काही वर्षे सर्व्हर म्हणून वापरता येतात. लॅपटॉपची बॅटरी वीज गेल्यावर थोडा वेळ आधार देते. मात्र जुनी बॅटरी सतत चार्जिंगवर राहून फुगू शकते. फुगलेली बॅटरी काढून टाकणे हाच सुरक्षित मार्ग. दुसरा पर्याय कार्यालयांनी बदललेल्या जुन्या मिनी पीसींचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत ते मिळतात.

नव्या यंत्रासाठी मात्र सध्याचा काळ अनुकूल नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदा केंद्रांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले. ‘मायक्रॉन’ने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँड गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला.

विजेचा हिशेब सोपा आहे. सरासरी १५ वॅट खाणारा मिनी पीसी चोवीस तास चालला तर महिन्याला १०.८ युनिट जळतात. ६० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप ४३ युनिट खातो. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर वरचा दर लागतो. म्हणजे ज्या घराचे बिल ९० युनिटचे आहे, त्याला फुकट मिळालेला डेस्कटॉप महागात पडतो.

समजा, यंत्र आणि दोन डिस्क मिळून २५ हजार रुपये लागले. २ टीबी क्लाउडसाठी महिन्याला ६५० रुपये, म्हणजे वर्षाला ७,८०० रुपये धरले आणि १० रुपये युनिटने मिनी पीसीच्या विजेचे वर्षाला १,३०० रुपये वजा केले, तर बचत होते साडेसहा हजारांची. मूळ खर्च वसूल व्हायला जवळपास चार वर्षे लागतात. वार्षिक वर्गणी घेतल्यास क्लाउड आणखी स्वस्त पडतो. तेवढ्यात एखादी डिस्क बदलावी लागली तर हिशेब आणखी लांबतो. चालवणाऱ्याच्या रविवारांची किंमत यात धरलेलीच नाही. चारपाच टीबीहून अधिक डेटा असलेल्या छायाचित्रकाराला किंवा चित्रफिती बनवणाऱ्याला हा व्यवहार लवकर फायद्यात जातो. बाकीच्यांनी केवळ पैसे वाचवण्यासाठी या वाटेला जाऊ नये.

घराबाहेरून या सर्व्हरपर्यंत पोहोचायचे कसे?

भारतातल्या नवशिक्यांची पहिली ठेच इथे लागते. घरात सारे सुरळीत चालते, पण लोकलमध्ये बसून फोटो उघडायला गेले की काहीच दिसत नाही. कारण पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही-४ मध्ये, एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी. आशिया-प्रशांत विभागातला त्यांचा मोकळा साठा २०११ मध्येच संपत आला. म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. सोसायटीचा पत्ता आहे, पण फ्लॅट क्रमांकच नाही, असा हा प्रकार. पाहुणा फाटकापर्यंत येतो आणि पहारेकऱ्याला त्याला कोणाकडे पाठवावे ते कळत नाही.

यावर तीन उपाय आहेत. काही कंपन्या जादा शुल्क घेऊन स्वतंत्र स्थिर पत्ता देतात. दुसरा उपाय नव्या आयपीव्ही-६ पत्त्यांचा. त्यांच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, पण राउटरची मांडणी समजून घ्यावी लागते. तिसरा आणि सर्वात सोपा उपाय म्हणजे ‘टेलस्केल’सारखी सेवा. ‘वायरगार्ड’ या तंत्राच्या आधारे ती मोबाइल आणि घरचा सर्व्हर यांच्यात खासगी बोगदा तयार करते. सर्व्हर उघड्या इंटरनेटवर येतच नाही, हा तिचा मोठा फायदा. उपकरणांची ओळख पटवण्यासाठी मात्र पुन्हा एका कंपनीवर अवलंबून राहावे लागते. संपूर्ण स्वावलंबन कुठेच नसते. वीज महावितरणची किंवा अन्य कंपनीची आणि तार इंटरनेट पुरवठादाराची असतेच.

घरचे यंत्र असले तरी त्यावरचे सॉफ्टवेअर कोणाचे, हेही पाहावे लागते. चित्रपट-संगीतासाठी लोकप्रिय असलेल्या ‘प्लेक्स’ने २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून पाहण्याची सोय सशुल्क केली आणि आजीवन परवान्याचा दर १२० डॉलरवरून २५० डॉलरवर नेला. फायली ग्राहकाच्या, डिस्क ग्राहकाची, तरी नियम कंपनीचा. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये यावर तोड असते. मूळ चमूने वाट बदलली तर दुसरे लोक त्याच संहितेवरून काम पुढे नेऊ शकतात. ‘एम्बी’ने संहिता बंद केल्यावर २०१८ मध्ये जेलीफिनचा जन्म असाच झाला.

सुरक्षिततेचे काय?

‘माझा डेटा माझ्या घरात, म्हणजे सुरक्षित’ हा समज सर्वात घातक आहे. पासवर्ड सांभाळणाऱ्या ‘लास्टपास’ या कंपनीत २०२२ मध्ये झालेली चोरी त्याचे उत्तम उदाहरण. हल्लेखोरांनी कंपनीच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकात शिरकाव केला आणि तेथून कंपनीच्या गुप्त किल्ल्या मिळवल्या. शिरकाव झाला तो त्या संगणकावरच्या प्लेक्सच्या जुन्या आवृत्तीतून. ती त्रुटी दूर करणारी सुधारित आवृत्ती मे २०२० मध्येच आली होती. दोन वर्षे ती बसवलीच गेली नव्हती. व्यावसायिक अभियंत्याच्या घरी हे घडू शकते, तर इतरांच्या घरी अधिक सहज घडू शकते.

जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रणालीने ‘क्यूनॅप’ कंपनीची हजारो घरगुती साठवण यंत्रे कुलूपबंद केली आणि किल्लीसाठी ०.०३ बिटकॉइन मागितले. सापडली ती थेट इंटरनेटवर उघडी ठेवलेली यंत्रे.

या घटनांतून निघणारे नियम मोजके आहेत. राउटरचे दरवाजे बाहेरच्या जगासाठी उघडू नयेत, बोगद्यातूनच यावे. अद्यतनांसाठी आठवड्यातला एक ठरावीक वेळ राखावा. यंत्रासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आणि वापरत नसलेली सेवा काढून टाकावी, कारण विसरलेली सेवा म्हणजे उघडी राहिलेली मागची खिडकी.

दोन डिस्क असल्या की पुरेसे नाही का?

नाही. अनेक जण दोन डिस्कवर एकाच वेळी लेखन करणारी ‘रेड’ ही रचना लावतात आणि निर्धास्त होतात. एक डिस्क मेली तर रेड उपयोगी पडते. पण चुकून फोटो पुसला तर तो त्याच क्षणी दोन्हीकडून पुसला जातो. यंत्र चोरीला गेले, घरात पाणी शिरले, विजेचा दाब अचानक वाढला, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात.

दक्षिण कोरियाने हा धडा फार महागात शिकला. डेजॉन शहरातील सरकारी विदा केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम-आयन बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही प्रणाली जळाली आणि ८५८ टीबी डेटा गेला. साठा फार मोठा असल्याने त्याची दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. डेटा परदेशी कंपनीकडे नव्हता, सरकारच्या स्वतःच्या ताब्यात होता. तरीही तो वाचला नाही.

म्हणून ‘तीन-दोन-एक’ हा जुना नियम. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. बाहेरची प्रत म्हणजे गावी भावाकडे ठेवलेली डिस्क असू शकते किंवा आधी कूटबद्ध करून एखाद्या क्लाउडवर ठेवलेला साठाही असू शकतो. क्लाउड इथे वैरी नसतो. फरक इतकाच की कुलपाची किल्ली तुमच्याकडे असते. याहून दुर्लक्षित भाग म्हणजे चाचणी. दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून दहा-वीस फोटो प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहावेत. परत आणून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही.

वीज आणि तिचे चढउतार हा आपल्याकडचा आणखी एक मुद्दा. लेखन चालू असताना वीज गेली तर डेटाबेस खराब होऊ शकतो. सर्व्हर आणि राउटर दोन्हींना छोटा यूपीएस हवा.

काय घरी आणू नये?

ई-मेल. घरून पाठवलेले पत्र बहुतेक वेळा पोहोचत नाही किंवा स्पॅममध्ये पडते. पुष्कळ इंटरनेट कंपन्या त्यासाठी लागणारा मार्ग घरगुती जोडणीवर बंद ठेवतात आणि मोठ्या मेल कंपन्या घरगुती पत्त्यांकडे संशयाने पाहतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याचे नियम आणखी कडक केले. बँकेचे ओटीपी आणि शाळेच्या सूचना ज्या मेलवर येतात, तो प्रयोगासाठी वापरू नये. स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन मेलसेवा एखाद्या कंपनीची वापरणे हा मधला मार्ग. उद्या कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या डेटाला हा कायदा लागू नाही. म्हणजे कुटुंबाचे फोटो घरच्या सर्व्हरवर ठेवण्यात कायद्याची अडचण नाही.

पण तोच सर्व्हर दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी, सनदी लेखापालाच्या अशिलांचे पॅन किंवा सोसायटीतल्या पाहुण्यांची नोंदवही ठेवू लागला, की ते घरगुती काम राहत नाही. मुख्य तरतुदी अमलात येण्यासाठी नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. त्यानंतर डेटाच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मदत म्हणून शेजारच्या डॉक्टरांचा डेटा आपल्या यंत्रावर ठेवण्याआधी याचा विचार हवा. स्वतःचा सर्व्हर असला म्हणून चोरीच्या चित्रपटांचा साठा कायदेशीर होत नाही, हेही उघड आहे.

चालवणाऱ्याच्या माघारी काय?

घरच्या सर्व्हरची खरी परीक्षा तांत्रिक नसते. तो उभारणारा घरात बहुधा एकच असतो आणि वापरणारे चौघे-पाच जण. हौसेने नवे काही करून पाहताना त्याने रात्री सेवा बंद पाडली तर सकाळी आईला नातवाचे फोटो दिसत नाहीत. म्हणून प्रयोगाचे यंत्र आणि घराच्या वापराचे यंत्र वेगळे ठेवण्याची शिस्त अनुभवी लोक पाळतात. निदान ज्या सेवेवर घर अवलंबून आहे, तिच्याशी खेळ करत नाहीत.

त्याहून कठीण प्रश्न म्हणजे तो चालवणारा आजारी पडला, परगावी गेला किंवा राहिलाच नाही तर? गूगलमध्ये खाते निष्क्रिय झाल्यावर डेटा कोणाला द्यायचा हे आधीच ठरवून ठेवता येते. घरच्या सर्व्हरला अशी सोय आपणच करावी लागते. क्लाउडमधले फोटो वारसाला निदान ओळखीच्या अ‍ॅपमध्ये दिसतात. कूटबद्ध डिस्कची किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर त्याच्यासोबत कुटुंबाच्या वीस वर्षांच्या आठवणीही जातात. मग कंपनीने खाते बंद करणे आणि आपणच ते बंद करून जाणे, यांत वारसांच्या दृष्टीने फरक उरत नाही.

उपाय साधा आहे. मुदत ठेवीच्या पावत्या आणि विमा पॉलिसी जिथे असतात, तिथेच एक कागद ठेवावा. यंत्र कोणते, डिस्क कुठे, किल्ली कुठली, बाहेरची प्रत कोणाकडे, हे त्यावर मराठीत, घरातल्या कोणालाही कळेल अशा भाषेत लिहिलेले असावे. शिवाय वर्षातून एकदा सगळे फोटो साध्या फोल्डरांमध्ये, कोणत्याही संगणकावर उघडतील अशा रूपात, एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती घरच्यांच्या हाती द्यावी.

मग सुरुवात कुठून करावी?

जिओची मोफत मुदत घेतलेल्यांनी ती कधी संपते ती तारीख आजच नोंदवून ठेवावी. ‘गूगल टेकआउट’ या सोयीने सर्व फोटो एकत्र उतरवता येतात. मुदत संपायची वाट न पाहता ते एकदा करून, बाहेरच्या डिस्कवर ठेवून पाहावे. एवढ्याला सर्व्हर लागत नाही आणि बहुतेक कुटुंबांची निम्मी जोखीम इथेच कमी होते.

त्यापुढे जायचे असेल, तर एकच सेवा निवडावी. फोटोंची सेवा त्यासाठी योग्य, कारण तिचा उपयोग घरातल्या सर्वांना लगेच दिसतो. आधी बॅकअपची व्यवस्था करावी, मग सेवा सुरू करावी. पहिले सहा महिने क्लाउड आणि घरचा सर्व्हर दोन्ही समांतर चालू ठेवावेत. या काळात किती वेळा वीज गेली, किती वेळा सेवा थांबली, ती सुरू करायला किती रात्री लागल्या आणि घरच्यांनी किती वेळा तक्रार केली, याची नोंद ठेवावी. आठवड्याला तासभरही देणे जमले नाही, तर क्लाउडची वर्गणी भरत राहणे आणि वर्षातून दोनदा डिस्कवर प्रत घेणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. जमले, तर पुढच्या वेळी कोणी दर वाढवले किंवा मोफत मुदत संपवली, तेव्हा ‘नको’ म्हणण्याची सोय तुमच्याकडे असेल.